भीडांक

"मॅडम, मेलेला माणूस खोटं बोलू शकतो का?"

विचारलं तन्मयीने, पण पैज तिच्या मैत्रिणींची, जुई आणि रेश्माची होती. मिरजेच्या मनोमापन संस्थेत दहावीचा वर्ग आला होता. जी हा प्रश्न विचारेल तिला आठवडाभर दोघींच्या डब्यातलं हवं ते मिळणार, असं बसमध्येच ठरलं होतं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तन्मयी कशालाच घाबरत नसे. तिचा हात प्रश्नाच्या आधी वर जायचा. मागे खसखस पिकली. वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले.

संस्था दाखवणाऱ्या डॉ. फरीदा मुजावर मात्र हसल्या नाहीत.

"बोलू शकतो," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी जेवढं बोलायचा, तेवढंच."

मग त्यांनी काचेपलीकडची खोली दाखवली. तिथे उत्तरछाया होत्या. एखाद्याने भरलेल्या प्रश्नावल्या, दिलेल्या मुलाखती, उत्तर देताना घेतलेला वेळ, तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं यंत्राला शिकवायचं. मग त्या माणसाने नव्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं, ते यंत्र सांगतं.

"पण नीट ऐका हं. त्याला काय वाटलं असतं, ते यंत्राला कळत नाही. तो काय म्हणाला असता, एवढंच कळतं."

"दोन्ही एकच ना?" जुई म्हणाली.

"तुला बाईंनी विचारलं, धडा आवडला का, तर काय सांगशील?"

"खूप आवडला!"

"आणि मैत्रिणीने विचारलं तर?"

वर्ग फिस्सकन हसला. बाईसुद्धा हसल्या.

"या दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे तुझी भीड. आम्ही ती मोजतो, तिला भीडांक म्हणतो. समोर कोण बसलंय हे छायेला कळतं, आणि त्या माणसापुरती भीड ती उत्तरात मिसळते."

सगळे पुढच्या दालनात गेले. तन्मयी मागे राहिली. तिने यंदाच शाळा बदलली होती. तिला एक दादा होता, हे या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

शार्दूल गेल्या वर्षी हाडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आजारपणात संस्थेकडून त्याला रोज सकाळी विचारलं जाई, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? त्या उत्तरांची छाया याच खोलीत होती. आई-बाबा दर रविवारी इथे येत. "दुखतंय का रे बाळा?" असं आई विचारी, आणि छाया म्हणे, "एक. मुंगी चावल्यासारखं." त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवायची. तन्मयी आत कधी गेलीच नव्हती. ती बाहेर बाकावर पाय हलवत बसून राही.

"मॅडम, मी शार्दूलची बहीण."

डॉक्टरांनी यादी पाहिली. "विचारणाऱ्यांत तुझंही नाव आहे. आई-बाबांनीच घातलंय. जायचंय आत?"

आत फक्त एक खुर्ची होती आणि समोर आवाजाची जाळी.

"दादा?"

"काय गं भोंगा! दवाखान्याच्या कॅन्टीनपर्यंत ऐकू येतोय तुझा आवाज."

तिला हसू आलं आणि हुंदकाही. "दुखत होतं का रे?"

उत्तराला जरा उशीर झाला. "तुला म्हणून सांगतो. चार. आईला सांगू नकोस."

आईला एक आणि मला चार. तन्मयी झटकन बाहेर आली.

"मॅडम, विचारणाऱ्याचं नाव रिकामं ठेवता येतं? समोर कुणीच नाही असं?"

"येतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण बाळा, काही उत्तरं परत आत ढकलता येत नाहीत."

"ठेवा रिकामं."

तिने पुन्हा विचारलं. या वेळी ना हाक आली, ना चेष्टा. ज्याला कुणालाच सांभाळायचं नाही, अशा आवाजात छाया म्हणाली, "नऊ."

मग बाहेर येऊन तिने विचारलं, "औषध त्याच्या आकड्यावरच ठरायचं ना?"

"हो."

"आणि आकडा विचारताना आई शेजारी असायची."

"आम्हीच बसवायचो तिला. आई जवळ असली की मूल मोकळं बोलतं, असं वाटायचं आम्हाला." डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी आई कांदेपोहे परतत होती. "कशी झाली सहल?"

"मस्त," तन्मयी म्हणाली, आणि तो शब्द तिच्याच कानांत खटकला. डोक्यात नऊ आणि तोंडात मस्त! सांगितलं तर आई-बाबांचा रविवार जाईल, आईचे ते दोन घास जातील. नाही सांगितलं, तर आपणही दादासारखं जन्मभर एक म्हणत बसायचं.

"मी आज दादाशी बोलले," ती म्हणाली. "नाव रिकामं ठेवून. त्याला नऊ दुखत होतं."

आईच्या हातातला झारा थांबला. पण तिने तन्मयीकडे पाहिलंच नाही, दारात उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"ह्यांच्यासमोर कशाला बोललीस गं!"

"म्हणजे तुला माहीत होतं?" बाबांचा आवाज फाटला.

"तो गेल्यावर गादीखाली उशीचे अभ्रे सापडले. दातांनी फाडलेले. तुम्हाला सोसणार नाही म्हणून टाकून दिले. रविवारी तुमच्यासाठी विचारायचे मी. एक ऐकलं की तुमचा चेहरा उजळायचा."

"अगं, तो तुझ्यासाठी उजळायचा." बाबा आत आले. "मीही गेलो होतो एकटा. नाव रिकामं ठेवून."

मागे पोहे करपू लागले. तन्मयीने पुढे होऊन गॅस बंद केला. भाषणात कधी थरथरला नव्हता तो तिचा आवाज आता थरथरत होता, तरी तिने तो खाली येऊ दिला नाही.

"आई, बाबा, मी ठरवलंय. येत्या रविवारी आपण संस्थेत जायचं नाही. तिघांनी इथेच बसायचं आणि एकमेकांना विचारायचं. उत्तर ऐकवेल की नाही, ते नंतर बघू. आणि सुरुवात माझ्यापासून करा, कारण मला खूप दुखतंय."