शिसं कोपऱ्यात कसं पोचलं?

टोच्याने कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली सोंड खुपसली, माती चाखली आणि तो गप्प झाला. ही साधी गोष्ट नव्हती. माती तपासणारा हा सहा पायांचा यंत्रमानव सकाळपासून दर दहा पावलांवर एक भोक पाडत होता आणि प्रत्येक भोकाबद्दल व्याख्यान देत होता.

"काय झालं रे?" अत्तार मॅडमनी विचारलं. त्या मृदा-आरोग्य तपासनीस (घरं बांधण्याआधी ती जमीन माणसांना बाधेल का, हे बघणाऱ्या शास्त्रज्ञ) होत्या.

"किलोभर मातीत नऊशे मिलिग्रॅम शिसं," टोच्या म्हणाला. "शेजारच्या भोकात फक्त तीस. या कोपऱ्यात तर कधीच काही काम चालत नव्हतं. मला हे पटत नाही."

"तुला पटावं म्हणून ते इथं आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

वाळवंडी गावातला हा प्लॉट दहा वर्षांच्या जुईच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. २०४५ सालापर्यंत आबा इथं जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि त्यांतलं शिसं (मऊ, जड धातू) भट्टीत वितळवायचे. आता इथं चोवीस घरांची इमारत व्हायची होती. भट्टी होती दक्षिणेला, म्हणून तिथं गाड्या लावायची जागा ठरली. उत्तरेचा कोपरा सगळ्यांत स्वच्छ, म्हणून तिथं मुलांचं मैदान. चोवीस घरं भिंतींच्या रंगावरून भांडली, लिफ्टवरून भांडली. मैदानाबद्दल कुणीच भांडलं नाही, त्यामुळे ते कुणी पुन्हा तपासलंही नव्हतं.

"यंत्र बिघडलंय तुमचं," खुर्चीवरून आबा म्हणाले. "तीस वर्षं त्या भट्टीशेजारी बसून डबा खाल्ला मी. मला काय झालं?"

"कप धरताना तुमचा हात थरथरतो, आबा."

"ते वय."

"तपासल्याशिवाय वयावर ढकलायचं नाही," मॅडम हसून म्हणाल्या. आबांनी कप खाली ठेवला आणि हात धोतराच्या घोळात लपवला.

टोच्याने घसा खाकरल्यासारखा आवाज केला. त्याला घसा नव्हता, पण सवय होती. "एकटाच नमुना वेगळा निघाला तर नियमाप्रमाणे तो चूक समजून बाजूला ठेवता येतो."

हे ऐकून बाजूला उभी असलेली जुई अस्वस्थ झाली. तिच्या कडेवर तिचा चार वर्षांचा भाऊ नील होता. अंगठा चोखत तो टोच्याचे पाय मोजत होता आणि दर वेळी सातवर पोचत होता.

"बाजूला ठेवू नका," जुई हळूच म्हणाली. "ती माती मी आणलीय."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"दिवाळीत आम्ही इथं किल्ला करतो ना. भट्टीमागची माती काळी आणि मऊ आहे. तिचा बुरूज ढासळत नाही. म्हणून घमेल्यांनी इकडे आणतो. आमच्याआधीची मुलंही तिथूनच आणायची. दिवाळी झाली की किल्ला इथंच मोडतो."

"किती घमेली?" टोच्याने विचारलं.

"यंदा पंचवीस. तटबंदी मोठी होती."

अत्तार मॅडम उकिडव्या बसल्या आणि त्यांनी काडीने मातीत तीन गोल काढले. "बघ जुई. जमिनीत विष असलं म्हणून लगेच कुणी आजारी पडत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, उगम, म्हणजे विष जिथं आहे ती जागा. दुसरी, वाट. धूळ, पाणी, भाजी, काहीही. आणि तिसरी, मुक्काम, म्हणजे ज्याच्या अंगात ते शिरतं तो माणूस. तिन्ही जोडली गेली की धोका."

"उगम भट्टी," जुई म्हणाली. "वाट म्हणजे आमची घमेली."

"आणि हात. मातीचा हात तोंडात गेला की वाट पुरी होते."

जुईने नीलकडे पाहिलं आणि त्याचा अंगठा ओढून बाहेर काढला. नीलने तो परत घातला.

"शिसं शरीराला फसवतं," मॅडम पुढे म्हणाल्या. "ते कॅल्शियमचं (हाडं मजबूत करणाऱ्या द्रव्याचं) सोंग घेऊन आत शिरतं. लहान मुलांचं शरीर वाढत असतं, त्याला कॅल्शियम हवंच असतं. म्हणून ती जास्त फसतात. त्याचा त्रास मेंदूला होतो, आणि बाहेरून काही दिसत नाही."

"बुरूज थापायला मीच बसवलं त्याला," जुई म्हणाली आणि रडायला लागली.

आबा गुडघ्यांवर हात टेकत उठले. तिच्याजवळ येऊन खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला, पण बसले.

"माती मी खराब केली, पोरी. तू तिचा नुसता किल्ला केलास." मग त्यांनी टोच्याकडे पाहिलं. "लिही रे. भट्टीची राख मी विहिरीच्या बाजूलाही टाकायचो."

"तपासणीच्या अर्जात तिथं 'काही नाही' असं लिहिलंय," टोच्या म्हणाला.

"मीच लिहिलंय ते. इमारत अडेल म्हणून. हिने सांगितलं, आता मी कुठल्या तोंडाने गप्प बसू?"

"मग आता घरं होणार नाहीत?" जुईने डोळे पुसले.

"होतील, उशिरा," मॅडम म्हणाल्या. "तीनपैकी एक कडी तोडली की साखळी सुटते. कोपऱ्यातली माती खणून विषारी कचऱ्याच्या खास जागी न्यायची आणि इथं तपासलेली माती भरायची. तिथं उगमच गेला. भट्टीजवळ खोलवर गेलेलं शिसं सगळं निघणार नाही. त्यावर जाड काँक्रीट घालायचं, म्हणजे धूळ उडणार नाही. तिथं वाट गेली. विहीर तपासेपर्यंत बंद. पण सगळ्यांत आधी या पाय मोजणाऱ्या छोट्या साहेबांचं रक्त तपासायचं."

दुसऱ्या दिवशी नीलचं, जुईचं आणि आबांचंही रक्त तपासलं. नीलच्या रक्तात शिसं चालेल त्यापेक्षा थोडं जास्त निघालं. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. अंगात गेलेलं शिसं हळूहळूच कमी होतं, पण वाट लवकर बंद केली तर होतं. नाचणी, दूध, पालेभाजी, आणि जेवणाआधी साबणाने हात. जुई त्याचे हात इतके घासायची की तो बेसिन बघूनच पळायचा. आबा आपले हातही त्याच्यासोबत पुढे करायचे, मग तो यायचा.

तीन महिन्यांनी नीलचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता. "आता माझा थेंब परत द्या," तो डॉक्टरांना म्हणाला.

त्याच आठवड्यात अत्तार मॅडमनी तपासणीच्या अर्जात नवा पहिला प्रश्न घातला. शब्द जुईचे होते. तालुक्यात अजून बारा प्लॉट तपासायचे होते. त्यांतल्या पहिल्या प्लॉटवर, एका जुन्या रंगकारखान्याच्या आवारात, सहासात मुलं खेळत होती. टोच्याने सोंड दुमडून घेतली.

"तुम्ही इथं काय काय खेळता, आणि माती कुठून कुठे नेता?" त्याने विचारलं.

दोन वेण्यांच्या एका मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."

टोच्या सहाही पाय मुडपून बसला.