बाहेर पडण्याची वेळ

घड्याळं दुरुस्त करणारा वारून महिना झाला होता. त्याची बायको दुकानात त्याच्याच स्टुलावर हातात एक पत्र घेऊन बसली होती.

"उजेडवाल्यांचं आहे. म्हणतात, हे चार वर्षं त्यांचे सभासद होते. रविवारी यांचा फोटो त्यांच्या भिंतीवर लावणार, मी फक्त संमतीची सही करायची."

"मग नका करू," भावोजी म्हणाले.

"फोटोचं जाऊ द्या. दर गुरुवारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून हे जायचे. वहिनी, चार वर्षं माझ्याशी खोटं बोलले का, एवढंच मला सांगा."

शोध घेणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणे, कारण सोबत फिरणारे त्यांचे दीर तशी हाक मारत. दीर, म्हणजे भावोजी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. हातात नकाशा असला तरी रस्ता चुकत.

उजेडवाले म्हणजे नवा पंथ. बारा हजार सभासद असल्याचं ते सांगत. त्यांच्यात गेलेली दोघंतिघं घरच्यांना ओळख दाखवेनाशी झाली होती, म्हणून लोक जरा बिचकून असत.

"शेवटी शेवटी वागण्यात काही फरक?" वहिनींनी विचारलं.

"रेडिओ बंद केला, कटकट नको म्हणाले. आणि मी बोलायला लागले की हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, उशिरा का होईना."

वहिनींनी टेबलावरचा पेचकस उचलला. लाकडी मुठीवर दातांचे व्रण होते.

"चावायची सवय होती?"

"अलीकडेच लागलेली. लहान मुलासारखी."

उजेडवाल्यांची इमारत तीन मजली होती. दारातल्या पहारेकऱ्याने दोरीने पेन बांधलेली वही पुढे सरकवली. "नाव, आल्याची वेळ, सही, आणि शेवटच्या रकान्यात कुणाकडे ते. जाताना मधल्या रकान्यात वेळ घाला."

"भरलेल्या वह्यांचं काय करता?" वहिनींनी विचारलं.

"जिन्याखाली टाकतो. रद्दीवाला यायच्या आत कुणीतरी नेतं."

पहिल्या मजल्यावर भावोजींनी गालाला हात लावला. "इथेच माझी अक्कलदाढ काढली."

"त्याचे परिणाम दिसतात," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर पाटी होती : बोलणं-ऐकणं वर्ग. तिसऱ्यावर चिटणीस हसतमुख बसले होते.

त्यांनी कपाटातल्या वह्यांतली एक जाडजूड नोंदवही उघडली. "ही सही त्यांचीच ना? आमच्यात सही हीच दीक्षा."

सही खरी होती. चार पंचावन्नला आत, पाच पंचावन्नला बाहेर. दर गुरुवारी.

"संपलं," भावोजी हळूच म्हणाले.

वहिनी वही निरखत होत्या. पुठ्ठा पानांच्या बाहेर दोन बोटं उरत होता आणि वरच्या कोपऱ्याला भोक होतं. त्यांनी बरीच पानं चाळली, एका पानावर जरा थांबल्या.

"तुमची सभा कधी असते?"

"गुरुवारी सातला. त्याआधी सभागृहाला कुलूप."

उतरताना वहिनी दुसऱ्या मजल्यावर शिरल्या. भावोजी जिन्यात पंधरा मिनिटं थांबले आणि कंटाळले.

शनिवारी दुकानदारीणबाई सही करायला आल्या, तेव्हा चिटणिसांच्या खोलीत वहिनी आधीच बसल्या होत्या.

"एक कोडं आहे," वहिनी म्हणाल्या. "जन्मभरासाठी पंथात शिरणारा माणूस बाहेर पडण्याची वेळ कशाला लिहील? तीही सभेच्या तासभर आधीची?"

चिटणिसांनी वही मिटायला हात पुढे केला, पण वहिनींनी ती आपल्याकडे ओढली.

"ही खालच्या दारातली वही आहे. कोपऱ्यातलं भोक पेनाच्या दोरीचं. पानं अरुंद झाली, कारण 'कुणाकडे' हा रकाना कापून टाकलाय. या इमारतीत जो जो आला, तो तुमचा सभासद. भावोजी, पान एकशे बारा बघा."

भावोजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही तर माझी सही."

"अक्कलदाढेच्या दिवसाची. तेव्हापासून तुम्ही उजेडात आहात."

"मग हे कुठे यायचे?" दुकानदारीणबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"एक मजला खाली. चार वर्षं तुमच्या यजमानांना हळूहळू ऐकू येईनासं होत होतं. म्हणून रेडिओ बंद. पेचकसाची मूठ दातात धरून टोक घड्याळाला टेकवलं की टिकटिक हाडातून कळते, म्हणून ते व्रण. कान गेल्याचं कळलं तर दुरुस्तीला घड्याळ कोण देणार? खालच्या शिक्षिकेकडे ते ओठ वाचायला शिकत होते. तुमच्या तोंडाकडे बघायचे तो त्यांचा गृहपाठ."

"मला तरी सांगायचं."

"पूर्ण जमलं की सांगणार होते. शेवटच्या गुरुवारी शिक्षिकेला म्हणाले, बायकोचं आता सगळं कळतं. फक्त भाजी चिरताना ती खाली बघून बोलते, तेवढं निसटतं."

दुकानदारीणबाईंनी संमतीचा कागद घडी घालून चिटणिसांना परत दिला. डोळे पुसले. मग त्यांना हसू यायला लागलं, ते आवरेना.

"बरं झालं, वहिनी," त्या म्हणाल्या. "भाजी चिरताना मी त्यांनाच शिव्या घालायचे."