ऐकणाऱ्याने करायच्या नाहीत अशा गोष्टी

मी दार उघडलं तेव्हा आत एक माणूस खुर्चीवर चिडला होता.

खुर्ची रिकामी होती. तो समोरच्या दुसऱ्या खुर्चीत बसून, पुढे झुकून, बोट उगारून म्हणत होता, "एकदा तरी विचारलंत का मला? की बाबा रे, तुला दुकानात बसायचंय का?"

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. बोट तसंच हवेत राहिलं.

"सॉरी," मी म्हणाले. "तुमचं... चालू द्या."

"या ना. माझे वडील आहेत हे."

आणि मी – अगं बाई! – मी त्या खुर्चीला नमस्कार केला. हात जोडून, मान लववून.

तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी पळून जाणारच होते, पण माझ्यामागे दार लागून त्याची कडी घट्ट बसली होती. दोघांनी मिळून ती ओढेपर्यंत मला कळलं की त्याचं चष्म्याचं दुकान आहे, वडील हयात आहेत, घरी पेपर वाचत असतील, "आणि खुर्चीशी बोलणं त्यांच्याशी बोलण्यापेक्षा फार सोपं आहे हो, ती मध्येच 'तुला काय कळतंय' म्हणत नाही." मनातलं माणूस समोर बसलंय असं धरून त्याच्याशी बोलायचं, हा आमच्या वर्गातलाच एक सराव होता, माहितीपत्रकात छापलेला. तो एकटाच आधी येऊन करून बघत होता. मी खोली चुकले नव्हते. फक्त पंधरा मिनिटं लवकर आले होते. मी सगळीकडेच लवकर जाते. उशीर झाला तर काय काय होऊ शकतं याची माझ्याकडे भली मोठी यादी आहे.

समुपदेशनाचा वर्ग होता तो. दर शनिवारी तीन ते पाच. मी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले गुडघे वाकवते. गुडघा वाकवताना माणसं बोलायला लागतात – मुलगा फोन करत नाही, नवरा गेला, भीती वाटते. आणि माझ्याकडे त्यावर एकच उत्तर असायचं, "छान. अजून दहा वेळा." त्याची मला लाज वाटायला लागली, म्हणून नाव घातलं.

आमच्या बाई पांढऱ्या आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मोडलेलं हाड तुम्ही जोडता का हो?"

"नाही. ते आपलं आपण जुळतं. आम्ही फक्त ते जागेवर नीट राहील असं बघतो."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "माणसाचंही तेच. त्याची बरं व्हायची ओढ त्याच्याच आत असते. तुम्ही त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. तो जसा आहे तसा, काही अट न घालता, जवळ बसू द्या."

सराव तिघांच्या गटात व्हायचा. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक बघणारा. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. 'का' विचारायचं नाही. 'होईल सगळं ठीक' म्हणायचं नाही. समोरच्याला जे वाटतंय ते त्याच्या जागी जाऊन समजून घ्यायचं आणि आपल्याला कळलं तसं परत सांगायचं. शिवाय खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं. बाहेर तो विषय बोलणाऱ्याने स्वतः काढला तरच.

माझ्या गटात चष्मेवाला आला आणि आले काका. काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. बघणाऱ्याचं काम त्यांना इतकं आवडलं की पाळी नसली तरी ते वही उघडून बसायचे. "श्रोत्याने अकरा वेळा मान डोलावली," ते गंभीरपणे वाचून दाखवायचे. "बोलणाऱ्या बाई तीनदा खिडकीकडे बघत होत्या."

"खिडकीची कडी सैल आहे," मी म्हणाले.

"मी अर्थ लावत नाही," काका म्हणाले. "मी फक्त नोंद घेतो."

सल्ला न देणं मला मुळीच जमेना. चष्मेवाला वडिलांबद्दल सांगायचा, मी म्हणायचे, "तुम्हाला कोंडल्यासारखं होतं..." आणि श्वास घेऊन, "तर तुम्ही असं करा ना –"

"श्रोत्या घसरल्या," काका लिहायचे.

मधल्या सुट्टीत आम्ही कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या मशीनपाशी उभे राहायचो. आतलं काही बोलायचं नाही म्हणताना मग उरतं काय? वाट्टेल ते. मशीन पहिल्या कपात नेहमी नुसतं गरम पाणी देतं, का देतं, यावर आम्ही एकदा सबंध सुट्टी घालवली.

"तुमचा चष्मा वाकडा आहे," एकदा तो म्हणाला.

"माझी मुलगी त्यावर बसली होती. ठकू. चार वर्षांची आहे. मला वाटलं, माझं नाकच वाकडं आहे."

"नाक चांगलं आहे. चष्म्याची काडी दुखावली आहे. द्या इकडे."

चष्मा काढला की मला समोरचं सगळं धूसर होतं. त्या धूसर जगात एक निळा शर्ट तेवढा होता, आणि काडीवर हळूहळू दाब देणारी दोन बोटं. त्याने चष्मा स्वतःच माझ्या कानांवर ठेवला. काड्या त्याच्या हाताने कोमट झाल्या होत्या.

"आता?"

"दिसतंय," मी म्हणाले. फार जवळून दिसत होतं... मी कॉफीत बघितलं. पाणीच होतं ते.

घरी आई ठकूला सांभाळायची. "दोन तास ऐकायला शिकून येतेस, मग माझं का नाही ऐकत?" ती दर शनिवारी विचारायची. हल्ली तिच्या प्रश्नांत भर पडली होती. "चष्मेवाला काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत. त्याचं काम ऐकण्याचं आहे."

"लग्न झालंय का त्याचं?"

"आई!"

"विचारलं फक्त. गळ्यात बांधत नाहीये."

सातव्या शनिवारी बोलायची पाळी माझी होती. ऐकणारा तो. मी ठकूच्या शाळेबद्दल सांगायचं ठरवून आले होते. पण तो समोर बसला, हात मोकळे ठेवून, कसलीही घाई नसल्यासारखा. आणि मी जे कुणालाच, आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगायला लागले.

"ठकू सात महिन्यांची होती. तिचे बाबा नुकतेच निघून गेले होते, आई अजून राहायला यायची होती. ठकू दुपारी झोपली. मी दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि... चालत गेले. काही आणायला नाही. नुसतीच. रस्ता संपतो तिथे दिव्याचा खांब आहे, तिथपर्यंत. वीस मिनिटांनी परत आले. ती झोपलेलीच होती, काही झालं नव्हतं. पण त्या खांबापाशी मला – मला परत यायचं नव्हतं. खरंच नव्हतं यायचं."

तो थोडा पुढे झुकला. मग हळू म्हणाला, "तुम्ही परत आलात. पण तुमच्यातलं कुणीतरी अजून त्या खांबापाशीच उभं आहे. आणि तिथून सारखं घराकडे बघतंय."

मी रडले. किती वेळ, कुणास ठाऊक. काकांची वही मिटलेली होती. एरवी पडायच्या भीतीने मी पायऱ्या मोजत जिना उतरते, त्या दिवशी मोजाव्या लागल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी फळ्यावर गटांची नवी यादी होती. माझ्या गटात काका आणि एक बँकेतल्या ताई. चष्मेवाला दुसऱ्या गटात.

"बदल कुणी केला?" मी विचारलं.

"त्यांनीच मागितला," बाई म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. तोही खोलीतलाच नियम असणार.

काही अट न घालता जवळ बसवायचं म्हणे! एक आठवडा. फ्रिजमध्ये दहीसुद्धा जवळपास तेवढंच टिकतं. मला सगळं लख्ख कळलं. सात महिन्यांचं बाळ कुलपात ठेवून जाणारी बाई. ऐकून घेतलं बिचाऱ्याने, ते शिकवलंच होतं त्याला. मग घरी जाऊन विचार केला असेल.

त्या आणि त्याच्या पुढच्या शनिवारी मी सुट्टीत खोलीतच बसून राहिले. एकदा तो मशीनपाशी दोन कप घेऊन उभा दिसला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे गेले. काही हरवलं नव्हतं.

"आज कुणी तुझं ऐकलं नाही वाटतं?" आईने विचारलं.

"वर्ग सोडावा म्हणते."

आई ठकूच्या केसांचा गुंता सोडवत होती. "सोड की," ती म्हणाली. "फक्त वर्गामुळे सोडतेस ना, ते बघ."

एक शनिवार अजून जाऊ, असं ठरवलं. त्या दिवशी बाईंनी खुर्च्या दोन वर्तुळांत मांडल्या होत्या, आतले आणि बाहेरचे समोरासमोर. "आज सच्चेपणा," त्या म्हणाल्या. "ऐकणारा आतून एक आणि बाहेरून एक असला, की समोरच्याला ते कळतं. प्रत्येकासमोर दोन मिनिटं बसायचं. 'आत्ता, तुमच्यासमोर बसून मला' असं सुरू करायचं आणि खरं असेल ते बोलायचं. घंटा वाजली की बाहेरच्यांनी एक खुर्ची सरकायचं."

मी आतल्या वर्तुळात होते. चष्मेवाला माझ्यापासून चार खुर्च्यांवर. तीन... दोन... पळायला जागा नव्हती. तो समोर येऊन बसला. केस कापले होते त्याने. वाईट दिसत होते.

"आत्ता, तुमच्यासमोर बसून मला राग आलाय," मी म्हणाले.

"तुम्हाला राग आलाय."

"माझंच वाक्य मला परत देऊ नका!"

शेजारचे दोघं दचकले. त्याने मान खाली घातली, मग वर केली.

"बरं. आत्ता, तुमच्यासमोर बसून मला... घाम फुटलाय. गट मी बदलून मागितला. बाईंना म्हणालो, यांचं ऐकायला मी लायक नाही राहिलो."

"मी लायक नाही असं म्हणायचंय तुम्हाला."

"नाही हो! ऐका ना. ऐकणाऱ्याला स्वतःसाठी काही नको असावं लागतं. तुमचं बरं व्हावं, बस्स. पण मला त्या दिवशी घरी जाताना वाटलं, की यांचं बरं व्हावं, आणि तेव्हा तिथे मी असावा. हे ऐकणं नाही. हा स्वार्थ आहे. तुम्ही माझ्यापुढे मन मोकळं करणार आणि मी आत हे घेऊन बसणार, ही फसवणूक झाली असती. मला तुम्ही आवडता. फार. म्हणून मी –"

घंटा वाजली.

तो उठला. उठावंच लागलं, मागून काका सरकत आले होते. काका माझ्यासमोर बसले, वही मांडीवर ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आत्ता, तुमच्यासमोर बसून मला वाटतंय," ते म्हणाले, "की मी फार चुकीच्या वेळी आलोय."

वर्ग सुटला तेव्हा तो खाली दाराशी उभा होता. रस्त्यापलीकडे बसस्टॉपचा बाक रिकामा होता. आम्ही काही न ठरवता तिथे जाऊन बसलो. वारा होता. वाळलेली पानं रस्ता ओलांडायची, गाडी आली की थांबल्यासारखी व्हायची.

"तुम्हाला माझं सगळं माहीत आहे," मी म्हणाले. "ते माहीत असूनही?"

"ते खोलीतलं. तिथे ऐकणारा होता, त्याला ते माहीत आहे. इथे मी तुमच्याशी त्यावर बोलू शकत नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत तर गोष्ट वेगळी." त्याने बाकावरचं एक वाळलेलं पान झटकलं. "नाही सांगितलंत तरी चालेल. मी उठून जात नाहीये."

म्हणजे पुन्हा सांगायचं. इथे, उजेडात, बसच्या आवाजात, ज्याला मी आवडते त्याला. खोलीत सांगणं किती सोपं होतं ते मला आत्ता कळलं. तिथे गमवायला काही नव्हतं.

मी सांगितलं. झोप, कुलूप, रस्ता –

"बाहेरून कुलूप? आणि गॅस?"

"बंद होता. मग मी खांबापर्यंत –"

"पण का? शेजारी कुणीच नव्हतं? आईंना आधी का नाही बोलावलंत?"

मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही 'का' विचारलंत. दोनदा."

"विचारलं."

"मध्येच बोललात."

"हो! आणि सल्ला पण देणार आहे. असं पुन्हा कधी वाटलं, तर खांबापर्यंत जा, खुशाल जा, पण मला आधी फोन करा. मी येऊन बसेन तिच्यापाशी. आणि होईल सगळं ठीक. घ्या, तेही म्हणून झालं." त्याचा आवाज बिघडला होता. "त्या दिवशी मी नीट ऐकलं, कारण मी स्वतःला बाजूला ठेवलं होतं. आत्ता नाही ठेवता आलं. मला भीती वाटली हो. ती आत एकटी... आणि तुम्ही तिथे एकट्या."

चार वर्षं ठकूसाठी घाबरण्याचं काम माझ्या एकटीकडे होतं. आई घाबरत नाही. आई म्हणते, पोरं अशीच वाढतात. आणि हा माणूस, जिला त्याने अजून पाहिलंही नव्हतं, तिच्या एका जुन्या दुपारसाठी बसस्टॉपवर पांढराफटक पडला होता. मला कसं सांगू... खांद्यावरचं ओझं दुसऱ्या कुणीतरी एका बाजूने उचललं की आधी खांदाच दुखतो, तसं झालं.

"ऐकणारे म्हणून तुम्ही बरे होतात," मी म्हणाले.

"आता?"

"आता अगदी वाईट आहात." मी त्याच्या हातावर हात ठेवला. गार होता. "असे जास्त आवडता."

बस आली, थांबली, कुणी चढत नाही असं बघून निघून गेली. त्याने माझा हात सोडला नाही, पण कपाळाला आठ्या पडायला लागल्या होत्या.

"आत्ता कोण आहे ठकूजवळ?" त्याने विचारलं.

"आई आहे."

"मग ठीक." तो पानांकडे बघत राहिला. अर्धं मिनिट असेल. मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाला,

"तरी एकदा फोन करून बघा ना."