बारा व्होल्टचा उजेड

ऑफिसात त्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो कधीच उडत नसे. सर्व्हर रूममध्ये काही बिघडलं की बाकीचे डोक्याला हात लावत आणि फ्यूज बाह्या सरसावत असे. भंगारात निघालेल्या सर्व्हरचे पॉवर सप्लाय तो घरी आणायचा. त्यांवर एलईडीच्या पट्ट्या जोडून त्याने माशांची टाकी उजळली होती, जिना उजळला होता, चपलांचं कपाटसुद्धा सोडलं नव्हतं.

आता पाळी आईच्या खोलीची होती आणि हे काम हौसेचं नव्हतं. आई रफू करायची. तिने भरलेलं भोक शोधता शोधता गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ येत. पण हल्ली तिला सुईचं नेढंच दिसेना. एक कोट परत आला, तेव्हा तिने सुयांचा डबा बंद केला आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसली.

"गेले रे माझे डोळे."

"डोळ्यांना काही धाड भरलेली नाही. उजेड कमी पडतोय," तो म्हणाला.

सुट्टीच्या सकाळी त्याने तिच्या टेबलावर पट्ट्या टांगल्या. हे सप्लाय आपणहून सुरू होत नाहीत. मागच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्या लागतात, तेव्हा कुठे स्वारी जागी होते. त्याने प्लग लावला. सप्लायचा पंखा घोंघावला, टेबल लख्ख उजळलं आणि आईने पहिल्या फटक्यात दोरा ओवला.

पिना जोडायची तार अजून फ्यूजच्या दातांत होती.

आत कुठेतरी तारेला तार टेकली असेल, असं म्हणून त्याने ती खिशात टाकली.

आईने तो कोट पुन्हा भरला. कोटवाला भोक शोधून थकला आणि फ्यूजची कॉलर ताठ झाली. मग एकदा केर काढताना त्याला प्लग जमिनीवर पडलेला दिसला. पंखा फिरत होता. उजेड तसूभरही कमी नव्हता.

त्याने झाकण उघडलं. आत धूळ होती, बाकी नेहमीचंच. वीज आभाळातून पडत नाही, कुठून तरी यावीच लागते, हे तोच सगळ्यांना ऐकवायचा. त्याने सरळ नवा सप्लाय बसवला. तेच बारा व्होल्ट, तेवढाच उजेड.

"लावलास का?" आईने विचारलं. ती पट्ट्यांकडेच बघत होती.

त्याने जुना परत जोडला. दोरा नेढ्यातून गेला.

"हा काढू नकोस रे. पाया पडते तुझ्या."

आईच्या तोंडून असं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"राहू दे. कुठून का येईना, तुला दिसतंय ना?"

पुढे एका दुपारी तो पट्टीचा स्क्रू आवळायला तिच्यासमोर बसला. पंखा संथ फिरत होता. प्लग जमिनीवरच होता.

"आई, उजेड मंद झालाय का गं?"

"छे! डोळे दिपताहेत माझे." तिचा हात भराभर चालला होता. "काय चाचपडतोयस?"

"पेचकस."

आईने त्याचा हात धरला आणि समोरच पडलेला पेचकस त्याच्या बोटांत ठेवला. या पट्ट्या लागण्याआधी तो तिच्या बोटांत सुई अशीच ठेवायचा.