आश्रुबाचा अर्धा कोयता

सत्काराच्या मंडपात, बायकांसाठी अंथरलेल्या ताडपत्रीवर मनकर्णा बसली होती आणि तिच्या अंतःकरणात सकाळपासून धुमसत असलेला संताप आता डोळ्यांत उतरू पाहत होता... समोर स्टेजवर फेटा बांधून उभा होता तो तिचा पाठचा भाऊ, एअर व्हाइस मार्शल अभिमन्यू! निवृत्तीच्या आधी साऱ्या वडवणी गावाने त्याला वाजतगाजत आणलं होतं. लढाऊ विमानं, सीमेवरची ठाणी, दिल्लीतला हुद्दा... तो सांगत होता आणि लोक टाळ्या पिटत होते.

तिला मात्र एकच गोष्ट हवी होती. तो सुट्टीवर आला की दरवेळी तिला वाटायचं, आज तरी हा विचारील की आक्का, तू शाळा का सोडलीस? त्याने कधीच विचारलं नाही. उलट लेकराबाळांसमोर हसून सांगायचा की आक्काला अभ्यासाचा भारी कंटाळा. आणि ती भाकरी थापत राहायची. केलेलं आपल्याच तोंडाने कसं बोलून दाखवायचं?

आजही तेच!

"आई लवकर गेली," तो माइकवर म्हणाला, "आक्काला शिक्षणाची आवड नव्हती. मी सैनिकी शाळेत होतो, आणि आमच्या वडिलांनी, आश्रुबांनी, एकट्यानं ऊस तोडून मला घडवलं."

ताडपत्रीवर कुजबुज उठली. पुढच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या राधाकिशनला तर हसूच आवरेना. आश्रुबा त्याच्याच टोळीत ऊसतोडीला जायचा. राधाकिशन मुकादम होता.

"साहेब, तुमी आभाळातले," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "एकट्याला उसाच्या फडात कोण नेतंय? एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, तवा कोयता पुरा हुतो. एकटा म्हंजी अर्धा कोयता. तुमची माय तर आदीच गेलती. मग बापासंगं मोळ्या कोण बांधत व्हतं?"

  अभिमन्यूची नजर सैरभैर फिरत बायकांवरून आली आणि मनकर्णावर थबकली... माइक तसाच सोडून तो खाली उतरला, बायका बाजूला सरकल्या, आणि तो फेट्यासकट तिच्यापुढे ताडपत्रीवर बसला.

"आक्का, तूच म्हणली व्हतीस, शाळा आवडत न्हाई म्हणून." त्याची भाषासुद्धा घरची झाली होती.

"मग काय म्हणायचं व्हतं? खरं सांगितलं असतं तर शाळेतनं पळून आला असतास फडावर." तिचा स्वर कापत होता, पण त्यात ओलावा नव्हता, कित्येक वर्षांची आग होती. "तवा ल्हान व्हतास, इश्वास ठिवलास. पर मोठा झाल्यावर तरी कधी इचारलंस का रं?"

 स्टेजवरून शाल-नारळासाठी पुन्हापुन्हा पुकारा होत होता. तो उठला नाही.

"आता इचारतो," तो कसाबसा म्हणाला. "कितवीत व्हतीस?"

मनकर्णाने पदराने नाक पुसलं.

"नववीत. सहामाहीला गणितात वर्गात पहिली आलते. तुला कधी येवढे मार्क पडले न्हाईत."

"न्हाई पडले," तो म्हणाला, आणि एवढा मोठा अधिकारी साऱ्या गावादेखत तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

तिने त्याला गप्प केलं नाही. पोटभर रडू दिलं.