हजेरीत नसलेली मुलगी

खोटं वाटलं तर इथेच थांबा, माझी काही हरकत नाही. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. सांगताना तिचा आवाज अजून चढतो. भीतीने नाही, रागाने.

रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वाचार. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. फ्रेमच्या मापाला काच आणायची, कडा गुळगुळीत करायच्या, इवलेसे स्क्रू बसवायचे. केसाएवढा फरक झाला तरी गिऱ्हाईक परत येतं. त्यामुळे तिची नजर भयंकर तीक्ष्ण आणि राग कायम नाकावर. दादा टँकर चालवतो, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. त्यांची अकरा वर्षांची चिमणी शाळेतून आली की चार ते सहा घरीच ऑनलाइन क्लास करायची. एकटी.

त्या क्लासचे नियम ऐकून घ्या. घरातला आवाज नको म्हणून खोलीचं दार लावायचं, आतून कडी घालायची, कानाला हेडफोन. आणि मदतनीस ठेवायला नको म्हणून हजेरीचं काम आयांच्या गळ्यात. दर आठवड्याला एक आई. आपल्या फोनवर क्लास उघडायचा, पडद्यावरचे मुलांचे चौकोन मोजायचे, क्लासवाल्या बाईंना आकडा कळवायचा. बस्स.

त्या आठवड्यात पाळी वहिनीची होती.

यादीत मुलं तेवीस. तिने दुकानातल्या टेबलावर फोन उभा केला आणि मोजली.

चोवीस.

पुन्हा मोजली. चोवीसच.

शेवटच्या ओळीत एक काळा चौकोन होता. कॅमेरा बंद. नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

त्या क्लासला शिकवायला स्वतः बाई होत्या, आणि मुलांच्या अडचणी सोडवायला एक ‘शंका सर’. त्यांचा नाव लिहिलेला चौकोन वर बाईंच्या शेजारी, मोजणीत नाही. नेट बरोबर नाही म्हणून ते कधी दिसायचे नाहीत, पण आवाज असा गोड की विचारू नका. "बाळा, नाही जमलं? घाबरू नको हं, मी आहे ना."

सर एवढं बोलले आणि...

टक.

टक.

टक.

पेन टेबलावर आपटावं तसा आवाज. काळ्या चौकोनाची कड हिरवी झाली आणि विझली.

सर पुन्हा बोलले. पुन्हा टक, टक, टक. बाई बोलल्या की आवाज नाही. मुलं बोलली की नाही. फक्त सर बोलले की.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणीतरी टवाळ कार्टं फुकटात घुसलंय आणि एवढ्या भल्या माणसाला छळतंय, असंच तिला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

बुधवारी पुन्हा तेच. आता तिने सगळ्यांदेखत माइक उघडला.

"बाई, हा काळा चौकोन कुणाचा? आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्याला!"

"कुठला हो?" बाईंचा आवाज वैतागलेला. "मला तर तेवीसच दिसतायत."

"डोळे तपासून घ्या मग! शेवटच्या ओळीत आहे. टिंब नावाचा."

बाईंनी नावांची यादी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं, यादीत आहे खरं एक टिंब. काढते."

आणि तो आवाज वाढला... टकटकटकटक... थांबेचना. दाराबाहेर अडकलेलं माणूस कडी वाजवतं तसा, जीव तोडून.

मग चौकोन गेला.

"थँक्यू हं, चिमणीच्या आई," शंका सर म्हणाले.

वहिनीला तेव्हा बरं वाटलं. हे सांगताना ती आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घेते. खरोखर मारते, मी पाहिलंय.

गुरुवार. बरोबर तेवीस. कुठे काही आवाज नाही. वहिनी निवांत काच घासत बसली.

सव्वापाचला तिने पुन्हा मोजलं. बावीस.

चिमणी नव्हती.

नेट गेलं असेल, असं तिला वाटलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. तिने आवाज पूर्ण बंद केला, फोन पालथा घातला आणि फ्रेम हातात घेतली.

टक.

फोनमधून.

टक. टक.

तिने फोन सुलटा केला. आवाज बंदच होता. क्लासही बंद झाला होता. काळ्या काचेत तिचा स्वतःचाच चेहरा, आणि आतून... टकटकटकटक.

अगदी कालच्यासारखं. बाहेर काढताना वाजलं होतं तसं.

"काय झालं हो?" गिऱ्हाईक म्हणालं.

वहिनीने फ्रेम तिथेच टाकली आणि ती पळत सुटली. घर दहा मिनिटांवर. चप्पल कुठे सुटली तिला कळलं नाही.

घरचं दार तिने किल्लीने उघडलं. आतल्या खोलीचं बंद. आतून कडी. क्लासचा नियम!

"चिमणे! दार उघड! चिमणे!"

उत्तर नाही. हेडफोन. तिने धडका दिल्या, लाथा मारल्या. दार हलेना.

मग ते दार... हळूच उघडलं.

चिमणी पार टोकाला, खिडकीखाली बसली होती. दाराकडे पाठ. तिला आई आल्याचा पत्ताच नव्हता. मधे कुणी नव्हतं. कडी मात्र बाजूला झालेली आणि अजून डुलत होती.

वहिनीने पोरीच्या कानातला हेडफोन ओढून काढला. त्यातून तोच गोड आवाज येत होता.

"...आता कॅमेरा जरा खाली कर बाळा. आणि आईला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर तीच तुझा क्लास बंद करेल."

तिथे दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. वहिनी टॅबच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "आई बोलतेय. बोल आता. बोल की, भडव्या!"

पडदा विझला.

पोरीला काही झालं नव्हतं. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर, हा विचार आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. चिमणी घाबरून एवढंच म्हणाली, "सर म्हणाले, हुशार मुलांचा वेगळा क्लास असतो. चांगल्या मुली गुपित ठेवतात."

बाईंनी फोनवर सरळ कानावर हात ठेवले. "अहो, तो आमचा माणूसच नाही. स्वतःहून यायचा, फुकट शंका सोडवायचा, मुलं खूश होती. मी कशाला चौकशी करू?"

मी कशाला चौकशी करू! मुलं कुणाच्या भरवशावर कडी लावून बसली होती, बाई? भाजी घेताना तुम्ही चार वेळा उलटीपालटी करून बघता!

दुसऱ्या दिवशी वहिनी सायबर पोलिसांकडे गेली. तिथल्या मॅडमनी क्लासची सगळी रेकॉर्डिंग मागवून पाहिली. सर ऐकू येत होते. वहिनीचं ओरडणं ऐकू येत होतं. पण चौकोन मंगळवारी तेवीस. बुधवारीही तेवीस. टकटक तर कुठेच नाही.

"‘शंका सर’ हे नाव मात्र मी आधी ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी एक आई याच क्लासची तक्रार घेऊन आली होती. पुरावा नव्हता म्हणून पुढे काही झालं नाही. तिला बोलावते."

तो माणूस अजून सापडलेला नाही. क्लास चालू आहे, फक्त नाव बदललंय. हे लिहितानाही माझं डोकं सणकतंय.

ती आई सोमवारी आली. शिवणकाम करणारी, गळ्यात टेप तशीच राहिलेली. दोघी पोलिसांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या. वहिनीने तिला सगळं सांगितलं. तो आवाज बाकावर बोटाने वाजवून दाखवला.

ती आई पांढरीफटक पडली.

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली.

वहिनीने वाजवलं.

"माझी पोर चिडली की तोंडाने बोलायची नाही हो. पेन आपटत बसायची. असंच." तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. "तिने त्या सरांबद्दल बाईंना सांगितलं होतं. सगळ्या क्लाससमोर, धीर करून. बाई म्हणाल्या, खोटं बोलते, चांगल्या माणसाला छळते. आणि तिलाच काढून टाकलं. मीसुद्धा बाईंचंच खरं मानलं. त्यानंतर दोन महिन्यांत जिवानिशी गेली ती. तेव्हा कुठे मी इथे तक्रार घेऊन आले."



"म्हणजे परत आली ना ती? त्याच क्लासमध्ये?" त्या आईने वहिनीचा हात घट्ट धरला. "मग या वेळी काय झालं? ऐकलं का कुणी तिचं?"

वहिनी खोटं बोलू शकली असती. बोलली नाही.

"मी... मी तिला बाहेर काढायला लावलं. सगळ्यांसमोर."

त्या आईने हात सोडला.

"तुम्हीपण?" ती म्हणाली. "तुम्हीपण तिलाच काढलंत?"