रँडलची जागा

त्या सकाळचं धुकं मला आठवतं तेवढं दाट होतं का, याची खात्री देता येत नाही. आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणींवर माझा विश्वास कमीच. एप्रिल होता, काठावर डॉगवूडची झाडं फुलली होती, एवढं नक्की.

मी आणि माझा मेव्हणा हॉयट होडीतून त्याच्या धाकट्या भावाला, रँडलला शोधत होतो. आमच्या तलावावर सगळेच तोडलेल्या सीडरच्या झाडाला तारेनं सिमेंटचा ठोकळा बांधून तळाशी सोडतात. त्या फांद्यांत क्रॅपी मासे जमतात. जागा मात्र कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. आदल्या हिवाळ्यात रँडल एकटाच झाड बुडवायला गेला आणि रिकामी होडी भलत्याच काठाला लागली. तारेचा फास पायात अडकला असणार. पण कुठे? पाणबुडे हात हलवत परतले होते.

“मला पुरायला तरी काहीतरी आणून द्या,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

म्हणून हे गळ. क्रॅपी लागतील तिथे फांद्या, आणि फांद्यांत कुठेतरी रँडल.

“प्रोफेसर, काठी धरा नीट. पेपर तपासत नाही आहात.”

“मी वाचलं होतं की...”

“माशांनी नाही वाचलेलं.”

धुक्यात चिखलाचा गार वास होता. कुठेतरी वल्हं पाण्यात शिरल्याचा आवाज झाला.

“इथं नाही... उजवीकडे या,” धुक्यातून एक म्हातारा आवाज आला.

हॉयट हसला. “काय काका, ताप आलाय का? आपली जागा कुणी सांगतं होय?”

“अजून... थोडं.”

हॉयटचं हसू विरलं.

“रँडल?” मी कुजबुजलो.

“छे. हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही... आणि याची होडी कुठंय?”

पाण्यावर तरंगही नव्हता. तरी आम्ही गेलो. आईला दिलेल्या शब्दापुढे हॉयटला घाबरून चालणार नव्हतं. गळ टाकताच क्रॅपी लागला, मग आणखी एक. तिसऱ्यांदा गळ अडकला. हॉयटनं ओढून काढला, तेव्हा गळाला चौकडीच्या शर्टाची पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी तार कापून रँडलला वर आणलं. सासूबाईंनी त्याला चर्चमागे, वडिलांशेजारी पुरलं. हॉयट परत तलावावर जाऊन पाण्याला म्हणाला, “उपकार झाले, काका.” मलाही तो आवाज बरीच वर्षं दयाळूच वाटला.

पुढे धरणाच्या दुरुस्तीसाठी तलाव उपसला, तेव्हा रँडलच्या झाडांखालच्या गाळात एका माणसाचा सांगाडा सापडला. कोणाचा, ते कळलं नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं. स्वतःच्या कानांवर भरवसा नाही म्हणून पुन्हा एकदा विचारलं. हाडं रँडलच्या जन्माआधीची होती. आणि उजव्या हाताच्या बोटांची हाडं रँडलच्या कापलेल्या तारेभोवती आवळलेली होती.